लिहिण्याच्या खोलीतलं पाणी

मनी प्लांटला पाणी लागतं, जुन्या दिवाळी अंकांना ते सोसत नाही, आणि टेबलावरचं अर्धं झालेलं हस्तलिखित बहुतेकदा पाण्यात विरघळणाऱ्या शाईनेच लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यांच्या घरात ही तिन्ही एकाच खोलीत नांदतात. त्यातून लिखाणाचा हंगाम नेमका पावसाळ्यातला. दिवाळी अंकांसाठी संपादकांची विचारणा उन्हाळ्यात येते आणि मजकूर साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत द्यायचा असतो. म्हणजे झाडं जोमात, कागद सादळलेले आणि लिहिणारा घाईत, असं सगळं एकाच महिन्यात येतं. म्हणून झाडांची निगा, अंकांची साठवण आणि खर्डे सांभाळणं ही तीन वेगळी कामं न मानता, पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं एवढं बघून खोली लावावी, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात भिंतींपासून. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत ओल धरते. अंकांचं कपाट त्या भिंतीला टेकवायचं नाही. दोन खोल्यांमधली आतली भिंत मिळाली तर ती घ्यावी, आणि तिथेही कपाटामागे दोन इंच फट सोडावी, म्हणजे हवा खेळती राहते. खालचा कप्पा जमिनीपासून चार इंच तरी वर हवा. फरशी पुसतानाचं पाणी आणि वाळवी दोन्ही खालूनच येतात. खिडकी झाडांना द्यावी. पूर्वेची असेल तर फारच छान: सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन घरातल्या बहुतेक झाडांना मानवतं. पश्चिमेचं दुपारचं ऊन मात्र पानं करपवतं आणि मुखपृष्ठांचे रंगही उडवतं. लाल आणि पिवळा आधी फिके होतात, निळा मागे राहतो. म्हणून उन्हात राहिलेली जुनी मुखपृष्ठं निळसर दिसतात.

खोलीत एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मापक, ठेवा. स्वस्तातला चालतो, पण त्याच्यावर विसंबण्याआधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात दोन चमचे साधं मीठ घ्यायचं, त्यात मीठ ओलं होऊन चिखलासारखं दिसेल इतकंच पाणी घालायचं, विरघळू द्यायचं नाही. हे झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात शेजारी-शेजारी ठेवून आठ-दहा तासांनी वाचायचं. डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७० दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक वाचनात पाच मिळवायचे. कागदाला ४५ ते ५५ टक्के मानवतं. ६५ च्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशीला वाट मिळते. मुंबई-कोकणात पावसाळाभर खोलीची हवा ६५ च्या खाली ठेवणं अवघडच असतं. म्हणून तिथे सगळी खोली कोरडी करण्याच्या मागे न लागता अंक ज्या पेटीत किंवा कपाटात आहेत तेवढी जागा सांभाळावी.

चार-पाच कुंड्यांनी खोली दमट होत नाही, खिडकी उघडी असेल तर नाहीच. तसंच झाडांनी हवा शुद्ध होते म्हणून नासाच्या १९८९ सालच्या अभ्यासाचा दाखला दिला जातो, पण ते प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये केलेले होते. उघड्या दारा-खिडक्यांच्या घरात चार कुंड्यांचा तसा परिणाम जाणवण्याइतका नसतो. झाडं ठेवायची ती संगणकाच्या पडद्यावरून नजर उचलल्यावर तिला ठरायला काहीतरी हिरवं, हळू वाढणारं हवं म्हणून. लिहिणाऱ्याला तेवढं कारण पुरेसं आहे.

नुकसान होतं ते कुंडीच्या बुडाखाली. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी पाझरतं आणि लाकडी फळीवर पांढरट वर्तुळ उमटतं. त्या ओलीवर आधी बुरशी येते, मग कसर. म्हणून लिहिण्याच्या खोलीत मातीची कुंडी नको. भोकं असलेली प्लॅस्टिकची कुंडी आणि तिच्याबाहेर चिनी मातीचं भांडं, अशी जोडी ठेवावी. पाणी घालायची वेळ आली की आतली कुंडी उचलून मोरीत न्यायची, खालच्या भोकांतून धार लागेपर्यंत पाणी घालायचं, अर्धा तास निथळू द्यायचं आणि मगच परत आणायची. टेबलावर झारी आणायचीच नाही. एवढा एक नियम पाळला तर या खोलीतले निम्मे अपघात टळतात. पानांवर पाणी फवारण्याचंही तेच. फवाऱ्याने आर्द्रता काही मिनिटांपुरतीच वाढते, पण थेंब जातात कागदावर. पानं ओल्या फडक्याने पुसावीत. धूळ जाते आणि पानामागची कीडही नजरेला पडते.

वार ठरवून पाणी घालू नये. विझलेल्या उदबत्तीची काडी दोन इंच खोल मातीत खुपसून मिनिटभर ठेवा. बाहेर काढल्यावर माती चिकटून आली तर थांबा, कोरडी आली तर पाणी घाला. मनी प्लांट, सिंगोनियम आणि अ‍ॅग्लोनिमाला हे जसंच्या तसं लागू. स्नेक प्लांट आणि झीझी यांच्या बाबतीत काडी कुंडीच्या तळापर्यंत कोरडी यायला हवी, कारण एकाच्या जाड पानांत आणि दुसऱ्याच्या कंदात पाण्याचा साठा असतो. पावसाळ्यात ही दोन्ही तीन-तीन आठवडे पाण्यावाचून मजेत राहतात. पान पिवळं पडलं की लोक आणखी पाणी घालतात. पण पान पिवळं, मऊ आणि देठाशी गळालेलं असेल तर मुळं कुजू लागलेली असतात. अशा वेळी झाड उपसून काळी, बुळबुळीत मुळं कात्रीने कापावीत, उरलेली पांढरी मुळं तासभर सावलीत सुकवावीत आणि नव्या कोरड्या मिश्रणात झाड लावावं. आधीची माती पुन्हा वापरू नये. कुंडीसुद्धा जुन्या कुंडीपेक्षा फार तर दोन इंच मोठी घ्यावी. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहते आणि सडण तिथूनच सुरू होते.

सहा इंची कुंडीला साधारण दोन लिटर मिश्रण लागतं. भिजवून दोनदा धुतलेलं आणि पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) चार वाट्या, गांडूळखत तीन, जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) दोन आणि कोळशाचा चुरा एक, या प्रमाणात करावं. धुवायचं अशासाठी की कोकोपीटमध्ये क्षार असतात आणि त्यांनी पानांची टोकं तपकिरी होतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणीही कुंड्यांना नको, त्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशीला चालेल. स्नेक प्लांटसाठी वाळू दुप्पट आणि खत निम्मं. बागेतली लाल माती घरातल्या कुंडीत घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती टाळलेली बरी.

संध्याकाळी दिव्याभोवती आणि पडद्यावर बारीक काळी चिलटं घोंगावू लागली तर ती कागदातली नव्हेत, कुंडीतली आहेत. त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या इंचभर थरात, ओलसर खतात वाढतात. तो थर कोरडा होऊ देणं हाच उपाय. वर अर्धा-पाऊण इंच कोरडी वाळू पसरावी, कुंडीत एक पिवळा चिकट कागद खोचावा आणि महिनाभर धीर धरावा, कारण अंड्यापासून चिलटापर्यंतची एक फेरी तीन-चार आठवड्यांची असते. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुंजका टिपायचा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब एकजीव करून, झाड गॅलरीत नेऊन फवारायचं. नीम तेल कागदावर पडलं तर डाग जात नाही.

आता अंक. मराठीत दिवाळी अंकाची परंपरा का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली सुरू केली. त्यानंतर इतकी वर्षं जे छापलं गेलं त्यातलं पुष्कळसं आज रद्दीच्या दुकानांत, पदपथावर आणि कुणाच्या तरी माळ्यावरच मिळतं. कुठल्याशा कथेचं पहिलं रूप पुस्तकात नसतं, अंकात असतं. सोबतची चित्रं आणि जाहिराती तर पुस्तकात कधीच येत नाहीत. म्हणून लिहिणाऱ्याने हे जपणं मला मोलाचं वाटतं. पण त्यांचा कागद मुळात टिकाऊ नाही. आतली पानं बहुधा स्वस्त, लाकडाच्या लगद्याच्या कागदाची. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे आणि आम्लामुळे ती पिवळी होतात, मग ठिसूळ. ही क्रिया थांबवता येत नाही, पण अंधार आणि कोरडेपणाने तिचा वेग कमी होतो.

विकत आणलेला जुना अंक थेट कपाटात ठेवू नका. नर्सरीतून आणलेलं झाड जसं दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवतो, तसंच यालाही ठेवायचं. पांढऱ्या कागदावर ठेवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि आठवड्याने बघायचं. कागदावर पिठासारखी पूड पडलेली दिसली तर आत पोखरणारा किडा आहे. त्याची भोकं गोल आणि आरपार असतात. कसर वेगळी. ती रुपेरी, बिनपंखांची, शेपटीशी तीन केस असलेली. भोक न पाडता पृष्ठभाग खरवडते, कारण तिला कागदातली आणि बांधणीतली खळ हवी असते. दोन्हींवर घरी करण्यासारखा खात्रीचा उपाय म्हणजे डीप फ्रीझर. अंक दोन पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करायचा, उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही. घाईने उघडली तर बाहेरच्या हवेतली वाफ थंड कागदावर जमते. फ्रिजमधला बर्फाचा छोटा कप्पा एवढा थंड होतोच असं नाही, आधी थर्मामीटर ठेवून बघा.

डांबराच्या गोळ्या कपाटात घालू नयेत. ज्या खोलीत आपण दिवसाचे सहा-सात तास बसतो तिथे ती वाफ श्वासात घेणं बरं नव्हे. वेखंडाची पुरचुंडी किडे लांब ठेवायला मदत करते, ओल मात्र कमी करत नाही. आणि ती सुती कापडात हवी, उघडं वेखंड पानांना लागू देऊ नये. ओलीसाठी बंद पेटीत सिलिका जेल. रंग बदलणारे दाणे घ्यावेत आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर हलवत कोरडे करावेत. हा तवा स्वयंपाकातला नको, वेगळा ठेवा.

अंक आडवे ठेवावेत, चळत आठ-दहा इंचांपेक्षा उंच नको. पीव्हीसीच्या चकचकीत पिशव्या शाईला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनच्या चालतात, पण पावसाळ्यात त्यांची तोंडं बंद करण्याआधी कागद कोरडा असल्याची खात्री हवी. मला सर्वांत भरवशाचं वाटतं ते धुऊन खळ काढलेलं मांजरपाट. पोथ्या बासनात बांधत, पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले असत, त्यामागे हवामानाची चांगली जाण होती. सुती कापड धूळ आणि उजेड अडवतं, हवेला थोडी वाट देतं आणि ओल आधी स्वतः शोषून घेतं. एका वर्षाचे अंक एका रुमालात, वर सुती नाडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी.

मधोमध पिन मारलेल्या पातळ अंकांत गंज हमखास येतो. पिन ओढायची नाही. अंक मधल्या पानावर उघडून, बोथट सुरीच्या टोकाने पिनेचे दुमडलेले पाय सरळ उभे करायचे आणि मग पाठीकडून अलगद उचलून काढायची. गंजाची पूड मऊ ब्रशने झटकायची. आता जुन्याच दोन भोकांचा उपयोग करून मध्ये तिसरं भोक पाडायचं आणि पांढऱ्या सुती दोऱ्याने शिवायचं. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, तीन इंच शेपूट आत सोडून. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर जा, आणि बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली की त्याच्यावरून गाठ मारा. दोरा ताणून ओढला तर ठिसूळ कागद फाटतो, म्हणून पाठीला समांतर ओढायचा, वर नाही.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन पानात उतरतो आणि पट्टी गळून पडते. एक भाग मैदा पाच भाग पाण्यात गुठळ्या न होता शिजवून, अर्धपारदर्शक झाला की गार करून गाळून घ्यायचा. पातळ हातकागदाची पट्टी कापून न घेता फाडून घ्यायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. खळ अगदी थोडी, वर टिपकागद आणि रात्रभर वजन. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे आणि तांबं कागदालाही बाधतं, घरी नको. लॅमिनेशन तर कधीच नको, ते परत काढता येत नाही.

गुळगुळीत आर्ट पेपरवर पाणी पडलं तर मात्र क्षणही दवडू नये. त्या कागदावरचा लेप भिजला की पानं एकमेकांना चिकटतात आणि तशीच वाळली तर कायमची वीट होते. ओली असतानाच पानं अलगद सुटी करून मध्ये कोरा कागद घालावा, दर तासाने बदलावा. एवढी सवड नसेल तर अंक ओल्या अवस्थेतच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका आणि वेळ मिळेल तेव्हा थोडा-थोडा सोडवा. ‘आवाज’सारख्या अंकांतल्या खिडकीचित्रांना जास्तच जपायला हवं, कापलेल्या कडा ओल्या झाल्या की वाकतात आणि उघड-मिटीत फाटतात.

शाईच्या पेनांचा संग्रह असेल तर इबोनाइटची पेनं उन्हात आणि पाण्यात ठेवू नका. काळं इबोनाइट तपकिरी-हिरवट पडतं. धुताना फक्त निब आणि तिच्याखालची जीभ साध्या पाण्यात बुडवा, गरम पाण्यात नाही. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनातून लिहिता-लिहिता अचानक ठिपका पडतो, त्याचं कारण असं: टाकी पाऊण रिकामी झाली की आत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाई बाहेर ढकलते. म्हणून शाई एक तृतीयांश उरली की पुन्हा भरावी. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात लावला की गळती थांबते.

खर्ड्यांसाठी पाठकोरे कागद सगळेच वापरतात. छापील बाजूवर आधी एक तिरकी रेघ मारून घ्या, नाहीतर पुढे कोणती बाजू आपली ते कळत नाही. उजव्या कोपऱ्यात कामाचं एका शब्दातलं नाव आणि पानाचा क्रमांक, ‘विहीर १७’ असा. पान वाऱ्याने उडालं तरी परत जागेवर जातं. डावीकडे दीड इंच समास सोडावा, दुरुस्त्या तिथेच येतात. उठताना शेवटच्या ओळीखाली पुढचं वाक्य काय येणार ते पेन्सिलीने लिहून ठेवावं, दुसऱ्या दिवशी चाचपडायला लागत नाही. प्रत्येक चालू कामाचा एक रुमाल असावा. टेबलावर एका वेळी एकच रुमाल सुटलेला. आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या पानांचे फोनवर फोटो. इंकजेटची छापील प्रत शाईइतकीच ओलीला भिते, म्हणून तपासायची प्रत लेझर प्रिंटरवर काढावी.

टंकलेखन युनिकोडमध्येच करावं. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, ‘२०२५-०७-१४ विहीर’ असं. यादी आपोआप कालक्रमाने लागते. अंकाची जुळणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये होत असेल तर रूपांतरात काही जागा नेहमी बिघडतात: ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र, ‘अ‍ॅ’, जोडाक्षरावरचा रफार आणि अवतरणचिन्हं. मुद्रितं आली की आधी हेच शब्द शोधावेत, मग बाकीचं वाचावं. मजकुरासोबत पीडीएफही पाठवावी, म्हणजे अक्षर फुटलं तर जुळणी करणाऱ्याला मूळ रूप दिसतं.

पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडू लागलं की मापक ५५ च्या खाली येण्याची वाट बघा. दसऱ्याला पाटीपूजनासाठी पुस्तकं बाहेर निघतातच. त्याच आठवड्यात, हवा कोरडी असेल तर, सगळे रुमाल सोडून अंक सावलीत पसरावेत, पानं पंख्यासारखी एकदा फिरवावीत, रुमाल धुऊन उन्हात वाळवावेत. कपाटाच्या मागची फट टॉर्चने बघावी. मनी प्लांटची पावसात लांबलेली वेल आता पेराखाली अर्धा इंच कापून, पेर बुडेल एवढ्या पाण्यात लावता येते. थंडी पडायच्या आत मुळं फुटतात. ती बाटली मोरीच्या खिडकीत ठेवायची, टेबलावर नाही. आणि कपाटात वरच्या कप्प्यावर वीतभर जागा मोकळी करायची, यंदाचे अंक येतील तेव्हा लागणारच आहे.